थेस्सलनीकाकरांची दोन्ही पत्रे पूर्ण वाचून दाखवा : मराठी मंडळ्यांच्या पाळकांना खुले पत्र

मराठी मंडळ्यांतील आदरणीय पाळक, वडीलजन आणि शास्त्राभ्यासाचे वर्ग चालवणारे बंधुभगिनी यांस,

सप्रेम सलाम.

गेली २२ वर्षे मी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवते आणि दर बुधवारी संध्याकाळी घरोघरी होणाऱ्या बायकांच्या प्रार्थनासभेत शास्त्र वाचून दाखवते. गेल्या पावसाळ्यात अशाच एका सभेनंतर जे घडले त्यामुळे हे पत्र आपणा सर्वांना उघडपणे लिहीत आहे. आमच्या सभेला नेमाने येणाऱ्या एका मावशींचे यजमान त्याआधी दोनच महिने वारले होते. मावशींच्या मोबाईलवर कुणीतरी एका उपदेशाची ध्वनिफीत पाठवली होती. तिच्यात बोलणारे गृहस्थ बायबलमधल्या, प्रेषित पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातली वचने म्हणत होते आणि मध्येच आवाज चढवून सांगत होते की, त्या दिवशी जो जागा असेल तोच उचलला जाईल आणि झोपलेला मागे राहील. चहाचे कप आत नेताना मावशींनी मला ओट्यापाशी गाठले आणि हलक्या आवाजात विचारले, "अगं, हे तर झोपेतच गेले. मग ह्यांचं काय होईल?"

आधी मला त्या ध्वनिफितीचा राग आला. मग लक्षात आले की, पौलाने ते पत्र लिहिले तेव्हा त्याच्यापुढे जवळजवळ हाच प्रश्न होता. ज्या पानावर मावशींसाठी सांत्वन लिहिलेले आहे, तेच पान त्यांना भेडसावण्यासाठी वापरले गेले होते. आपल्या मंडळ्यांत हे वारंवार होत आहे, आणि ते थांबवणे उपदेशपीठावर उभे राहणाऱ्यांच्या हातात आहे, असे मला कळकळीने वाटते.

थेस्सलनीका हे मासेदोनियातले मोठे बंदर होते. इ. स. पू. ३१५ च्या सुमारास कॅसँडर राजाने ते वसवले आणि आपल्या राणीचे, म्हणजे अलेक्झांडरच्या सावत्र बहिणीचे, नाव त्याला दिले. रोमी अमलात ते प्रांताचे मुख्य ठिकाण झाले, आणि एड्रियाटिक समुद्राकडून पूर्वेला जाणारा व्हाया इग्नाशिया हा राजमार्ग तिथूनच जात असे. इ. स. ४९-५० च्या सुमारास पौल, सिल्वान आणि तीमथ्य या गावी आले. पुढे काय झाले ते प्रेषितांच्या कृत्यांच्या १७ व्या अध्यायात आहे : तीन शब्बाथ सभास्थानात चर्चा झाली, काही लोकांनी विश्वास ठेवला, मग जमाव त्यांना घरी ठेवून घेणाऱ्या यासोनाच्या घरावर चालून गेला आणि बंधुजनांनी पाहुण्यांना रातोरात बिरुयास रवाना केले. त्यांचा मुक्काम तीन आठवड्यांहून थोडा अधिक असावा, कारण फिलिप्पैच्या मंडळीने तिथे त्यांना एकदाच नव्हे तर दोनदा मदत पाठवली होती. तरीही तो महिन्यांतच मोजावा लागेल. मूर्ती सोडून जिवंत देवाकडे वळलेली ही माणसे विश्वासात अगदी कोवळी असतानाच त्यांचे शिक्षक त्यांच्यापासून तोडले गेले. शिकवण अर्धीच राहिली होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय या पत्रांतला सूर कळत नाही.

अथेनैहून पौलाने तीमथ्याला परत पाठवले, कारण त्याला काळजीने राहवत नव्हते. तसे त्याने स्वतःच पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात म्हटले आहे. तीमथ्य बातमी घेऊन आला आणि पौलाने, बहुधा करिंथातून, पहिले पत्र पाठवले. ज्याच्यापुढे पौलाला तिथे उभे केले गेले तो गल्लियो हा रोमी अधिकारी करिंथात इ. स. ५१-५२ च्या सुमारास होता, हे डेल्फी येथे सापडलेल्या शिलालेखावरून कळते, आणि त्या आधारावर हे पत्र इ. स. ५०-५१ चे ठरते. बहुतेक अभ्यासक त्याला नव्या करारातले सर्वांत जुने लिखाण मानतात. शेवटल्या काळाविषयी मंडळीत झालेला गैरसमज आणि त्याची दुरुस्ती या दोन्ही गोष्टी आपल्याला नव्या कराराच्या इतक्या आरंभीच भेटतात.

गैरसमज काय होता? स्वर्गातून येणाऱ्या पुत्राची वाट पाहा, असे त्यांना शिकवले होते. ती वाट पाहत असतानाच त्यांच्यातले काही जण मरण पावले. प्रभूच्या आगमनाचा सोहळा जिवंत असलेल्यांसाठी आहे, मग आपली गेलेली माणसे त्याला मुकली की काय, या शंकेने मागे राहिलेले व्याकूळ झाले होते. चौथ्या अध्यायाच्या १३ ते १८ या वचनांत पौल याच दुःखावर हात ठेवतो. तो त्यांना रडू नका असे म्हणत नाही. ज्यांना आशाच नाही त्यांच्यासारखे रडू नका, असे म्हणतो. येशू मरण पावला आणि पुन्हा उठला हा त्याच्या बोलण्याचा पाया आहे, आणि त्यावरून तो सांगतो की, जिवंत उरलेले हे झोपी गेलेल्यांच्या पुढे मुळीच जाणार नाहीत. ख्रिस्तात मेलेले पहिल्याने उठतील. सगळ्या वर्णनात मान मिळाला आहे तो मेलेल्यांना. आणि शेवटी आज्ञा आहे ती एकमेकांचे सांत्वन करण्याची. ही सहा वचने वाचून ऐकणारा घाबरून घरी गेला, तर वाचणाऱ्याने ती चुकीची वाचली असेच म्हणावे लागेल.

या उताऱ्यातल्या एका शब्दापाशी मला थोडे थांबायचे आहे. आपण मेघांमध्ये उचलले जाऊ ते प्रभूला सामोरे होण्यासाठी, असे १७ व्या वचनात आहे. तिथला ग्रीक शब्द आहे 'अपान्तेसिस'. राजा किंवा मोठा अधिकारी नगराला भेट देई तेव्हा नागरिक वेशीबाहेर जाऊन त्याचे स्वागत करीत आणि त्याला मानाने आत आणीत. त्या सामोरे जाण्याला हा शब्द वापरत. नव्या करारात तो आणखी दोन ठिकाणी ठळकपणे येतो. मत्तयाच्या २५ व्या अध्यायात दहा कुमारी वराला सामोऱ्या जातात, आणि कृत्यांच्या २८ व्या अध्यायात रोममधले बंधुजन अप्पियाच्या पेठेपर्यंत आणि तीन उतारशाळांपर्यंत पौलाला भेटायला येऊन त्याच्यासह शहरात परततात. आपल्याकडे लग्नात वराकडच्या मंडळींना गावाच्या सीमेवर जाऊन घेऊन यायची चाल आहे. सीमांतपूजन हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. सीमेवर गेलेली माणसे तिथून पाहुण्यासोबत दुसऱ्या गावाला निघून जात नाहीत, तर पाहुण्याला घेऊन आपल्या गावात येतात. पौलाच्या मनात हेच चित्र होते का, याबद्दल सगळे अभ्यासक एकमताचे नाहीत, आणि तो स्वतः पुढचा प्रवास न सांगता आपण सदासर्वदा प्रभूजवळ राहू एवढेच म्हणून थांबतो. पण चित्र स्वागताचे आहे, पळून जाण्याचे नाही, एवढे तरी त्या शब्दावरून म्हणता येते.

मग गुपचूप उचलले जाण्याची आणि बाकीच्यांवर सात वर्षांचे संकट कोसळण्याची मांडणी आली कुठून? ज्याला आपण इंग्रजीवरून रॅप्चर म्हणतो, त्या शब्दाचे मूळ याच वचनाच्या लॅटिन भाषांतरात आहे. पण मंडळी आधी गुप्तपणे नेली जाईल आणि प्रभूचे प्रकट येणे नंतर होईल, अशी दोन टप्प्यांची शिकवण पसरवली ती जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकांनी, १८३० च्या दशकापासून. आणि १९०९ साली निघालेल्या स्कोफिल्ड यांच्या टिपांसह छापलेल्या बायबलमुळे ती घराघरांत गेली. ही शिकवण मनापासून मानणारे माझे कितीतरी सखेसोबती आहेत आणि त्यांच्या विश्वासाबद्दल मला आदर आहे. माझी विनंती एवढीच की, ही २०० वर्षांच्याही आतली एक मांडणी आहे, हे मंडळीला सांगावे. थेस्सलनीकाकरांनी जे ऐकले त्यात आज्ञाध्वनी होता, आद्यदेवदूताची वाणी होती, देवाच्या तुतारीचा नाद होता. इतक्या गजरात होणारे आगमन गुप्त कसे म्हणावे, हे मला अजून उमगलेले नाही.

पाचव्या अध्यायात तारखांचा प्रश्न येतो आणि पौल तो एका वाक्यात मिटवतो : काळ व समय यांविषयी तुम्हाला काही लिहिण्याची गरज नाही. रात्री चोर येतो तसा तो दिवस येणार. चोर येण्याची वेळ कळवून येत नाही, आणि म्हणून या उपमेवरून कुणी वर्ष काढू लागला तर तो उपमाच मोडतो. पुढे जागे राहा, सावध राहा असे आहे. आमच्या मावशींना भ्यायला लावणारी वचने हीच. पण तिथले जागे राहणे म्हणजे विश्वास व प्रीतीचे उरस्त्राण आणि तारणाच्या आशेचे शिरस्त्राण घालून दिवसाच्या उजेडात वागणे. आणि जणू आपल्या बोलण्याचा कुणी भलता अर्थ काढील हे जाणून, पौल १० व्या वचनात लिहितो की, प्रभू आपल्यासाठी मेला तो अशासाठी की, आपण जागे असलो किंवा झोपी गेलेलो असलो तरी त्याच्याबरोबरच जिवंत राहावे. ध्वनिफितीतल्या गृहस्थांनी ६ वे वचन मोठ्याने म्हटले आणि १० व्या वचनापर्यंत ते पोहोचलेच नाहीत. त्या संध्याकाळी मी ओट्यावरच बायबल उघडून ते वचन मावशींना वाचून दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचायला लावले, मग चष्मा लावून स्वतः वाचले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. आपण जे जिवंत उरू, असे पौल लिहितो, तेव्हा तो स्वतःला त्यांच्यात धरत असावा, असे वाटते. पुढे फिलिप्पैकरांस लिहिताना मात्र तो येथून सुटून ख्रिस्ताजवळ जाण्याची आपली इच्छा सांगतो. त्याची आशा तीच राहिली, पण आपला शेवट कसा होईल याबद्दलची त्याची अपेक्षा बदललेली दिसते. रविवारच्या शाळेतली मोठी मुले हे विचारतात, आणि मी त्यांच्यापासून ते लपवत नाही. ज्याने एवढी वचने दिली त्या प्रेषितालाही वेळ ठाऊक नव्हती, हे मुलांना कळले तर पुढे कुणी ठासून तारीख सांगितली तरी ती डगमगणार नाहीत.

दुसऱ्या पत्राच्या वेळी मंडळीतला गोंधळ वेगळा होता. (हे पत्र पौलाचेच की नंतरच्या कुणा शिष्याचे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, माझ्या मुद्द्याला त्याने बाध येत नाही.) आता लोक म्हणत होते की, प्रभूचा दिवस येऊन ठेपलाच आहे. ही बातमी कशाने पसरली असावी हे दुसऱ्या अध्यायाच्या २ ऱ्या वचनात मोजून सांगितले आहे : कुणाच्या आत्मिक प्रकटीकरणाने, कुणाच्या बोलण्याने, किंवा जणू आमच्याकडून आले आहे अशा पत्राने. दृष्टान्त झाला म्हणणारा, कानोकानी आलेले, आणि मोठ्या नावाने फिरणारे खोटे लिखाण. आपल्या मोबाईलवर रोज जे येते त्याची याहून नेमकी वर्गवारी मला ठाऊक नाही. आणि म्हणून पत्राच्या शेवटी पौल सांगतो की, हा सलाम मी स्वतःच्या हाताने लिहिला आहे, प्रत्येक पत्रात हीच माझी खूण आहे. अफवा थोपवण्यासाठी त्याने आपले हस्ताक्षर ओळखायला शिकवले.

याच दुसऱ्या अध्यायात, प्रभूच्या दिवसाआधी प्रकट होणारा अनीतिमान पुरुष आणि त्याला आवरून धरणारा यांचा उल्लेख आहे, आणि इथेच सर्वांत जास्त तर्क लढवले जातात. देवाच्या मंदिरात बसून स्वतःला देव म्हणवणारा, हे वर्णन त्या पिढीला परके नव्हते, कारण इ. स. ४० च्या सुमारास सम्राट कॅलिगुलाने यरुशलेमच्या मंदिरात आपला पुतळा बसवण्याचा हुकूम दिला होता आणि त्या आठवणीला जेमतेम दहा वर्षे झाली होती. आवरून धरणारा कोण, ते पौल लिहीत नाही. तुम्हाला ठाऊकच आहे, मी तुमच्याजवळ होतो तेव्हा सांगितले होते, एवढेच म्हणतो. ते तोंडी सांगणे आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही. ऑगस्टीनसारख्या महापंडिताने आपल्या मोठ्या ग्रंथात या वाक्याचा अर्थ मला कळत नाही, असे सरळ कबूल केले आहे. मग आजच्या एखाद्या राष्ट्राध्यक्षाचे, यंत्राचे किंवा ओळखपत्राचे नाव त्या जागी छातीठोकपणे घालण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? व्यासपीठावरून "मला माहीत नाही" असे म्हणणाऱ्या पाळकावर माझा विश्वास वाढतो, हे मी मंडळीतली एक सामान्य सभासद म्हणून आपणास खात्रीने सांगते.

याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायातले, ज्याला काम करायचे नसेल त्याने खाऊही नये, हे वाक्यही नीट वाचण्यासारखे आहे. अंत जवळ आला म्हणून थेस्सलनीकाकरांनी कामधंदा सोडला, असे आपण सर्रास शिकवतो. तसे झाले असणे शक्य आहे, पण पत्र हा संबंध स्पष्ट शब्दांत कुठेच जोडत नाही. आणि ते वाक्य काम करण्याची इच्छा नसलेल्यांबद्दल आहे. काम न मिळालेल्या, आजारी किंवा थकलेल्या माणसाच्या तोंडचा घास काढण्यासाठी ते वापरणे मोठा अन्याय आहे. पौल स्वतः रात्रंदिवस राबत होता, आणि जो ऐकत नाही त्यालाही शत्रू समजू नका, भाऊ म्हणून समजावा, असे पुढच्याच ओळींत सांगत होता.

या गैरसमजांची किंमत किती असते, हे पुढच्या शतकांनी दाखवले. इ. स. २०४ च्या सुमारास हिप्पोलिटस या ख्रिस्ती लेखकाने दानीएलाच्या पुस्तकावर जे भाष्य लिहिले त्यात अलीकडेच घडलेल्या दोन घटना आहेत. सिरियातला एक मंडळीप्रमुख पुष्कळ बंधुजनांना बायकामुलांसह रानात घेऊन गेला, ख्रिस्ताला सामोरे जायचे म्हणून. ते डोंगरांत आणि वाटावाटांवर भटकत राहिले, आणि तिथल्या सुभेदाराने त्यांना दरोडेखोर समजून जवळजवळ मारलेच असते. त्याची बायको विश्वासी होती, तिने रदबदली केली म्हणून ते वाचले. दुसरा प्रमुख काळ्या समुद्राकाठच्या पंत (पाँटस) प्रांतातला. माणूस भक्तिमान आणि नम्र होता, पण शास्त्रापेक्षा आपल्या स्वप्नांवर त्याचा भरवसा जास्त. वर्षभरात न्यायाचा दिवस येईल, असे त्याने सांगितले आणि तसे झाले नाही तर शास्त्रावरही विश्वास ठेवू नका, असेही म्हणाला. लोकांनी शेते पेरली नाहीत, पुष्कळांनी मालमत्ता विकून टाकली. वर्ष उलटले. तो खोटा ठरला, लोक देशोधडीला लागले, आणि हिप्पोलिटस त्यांना कुठे नेतो तर थेट थेस्सलनीकाकरांच्या दुसऱ्या पत्रापाशी.

न पेरलेली ती शेते माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत, कारण आमच्या ओळखीच्या एका घरातल्या मुलाने अशाच एका शिबिरातून परतल्यावर बारावीच्या परीक्षेचा अर्ज भरला नाही. प्रभू येणारच आहे, मग कशाला, असे तो आईला म्हणाला. शिबिर घेणाऱ्यांचे नाव मी इथे घेणार नाही. मुलगा गुणी आहे. त्याचे वर्ष गेले, आणि ते भरून द्यायला शिबिरवाल्यांपैकी कुणीही आले नाही.

चुकीचे बोलणे वेळीच सुधारण्याची रीत शास्त्रातच आहे. तो शिष्य मरणार नाही, अशी योहानाविषयी बंधुजनांत बोलवा पसरली होती, ती त्याच्या शुभवर्तमानाच्या २१ व्या अध्यायात स्पष्टपणे खोडून काढलेली आहे : येशू तसे बोलला नव्हता. पुनरुत्थान होऊनच गेले, असे म्हणणाऱ्या हुमनाय व फिलेत यांचे तर नाव घेऊन तीमथ्याला सावध केले आहे. आपल्या मंडळ्यांत मात्र चुकीचा संदेश महिनोन्महिने फिरतो आणि व्यासपीठावरून कुणी काही बोलत नाही. बोललो तर कुणाचा विश्वास दुखावेल, ही आपली अडचण मी समजू शकते. पण गप्प राहिल्याने ज्यांचा विश्वास मोडतो, ती माणसे तक्रार करायला आपल्याकडे येत नाहीत. ती ओट्यापाशी हळूच विचारतात.

म्हणून माझे मागणे साधे आहे. पहिल्या पत्राच्या शेवटी पौल प्रभूची शपथ घालून म्हणतो की, हे पत्र सर्व बंधुजनांना वाचून दाखवावे. सुटी वचने नव्हे, पत्र. पहिल्या पत्रात ८९ वचने आहेत आणि दुसऱ्यात ४७. येत्या दोन रविवारी उपदेशाच्या आधी एकेक पत्र आरंभापासून शेवटापर्यंत, मध्ये काहीही न बोलता, वाचून घ्यावे. अंत्यविधीच्या वेळी चौथा अध्याय वाचताना १८ वे वचन गाळू नये. शेवटल्या काळावर शिबिर ठेवायचे असेल तर बोलावलेल्या वक्त्याला पाळकांनी आधीच विचारावे की, तो तारीख किंवा जिवंत माणसाचे नाव सांगणार आहे का. सांगणार असेल तर त्याला बोलावू नये. आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी अभ्यासवर्गात मूळ शब्दांचा अर्थ साध्या मराठीत सांगावा. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली, ती साध्यासुध्या बायकांना समजावे म्हणूनच. सर्व गोष्टींची पारख करा, हे याच पत्रातले वाक्य आहे आणि ते पाळकांपुरते लिहिलेले नाही.

दोन्ही पत्रे मिळून मोठ्याने वाचायला अर्ध्या तासाहून फार अधिक लागत नाही. आम्ही बुधवारच्या सभेत वाचून पाहिली आहेत. वाचणारे कोणी नसेल तर रविवारच्या शाळेतले आम्ही शिक्षक येऊन वाचू.

आपली नम्र,
रविवारच्या शाळेतील एक शिक्षिका